पंडुमच्या आधीची कैरी

कैरी मी खाल्ली होती. झाडाखाली पडलेली, कोवळी, मुठीत मावेल एवढी. खिशातल्या चाकूने चिरून, मीठ-तिखट लावून मी ती सगळी खाल्ली आणि साली चुलीच्या दगडांमागे टाकल्या. ती खायची नसते हे मला ठाऊक होतं. आम्हा दोघांपैकी ते आधी ठाऊक असलेला मीच होतो. तरीही गावाने विचारलं तेव्हा मी असं काही बोललो की ती कैरी माझ्या मित्राच्या नावावर गेली.

आजवर ज्यांना ज्यांना मी ही गोष्ट सांगितली, त्यांना उलटी सांगितली. मित्राने मला सोडलं, इतक्या वर्षांची सोबत एका दिवसात तोडली, असं सांगत आलो. बायकोला सांगितलं, शाळेतल्या सहकाऱ्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं. दगा झालेल्या माणसाचा चेहरा मला चांगला जमला होता, आणि बरेच महिने तो खराही वाटत होता.

मी शाळामास्तर, विज्ञान शिकवतो. मित्र लहानपणी शाळेत माझ्याच वर्गात होता. चंद्रपुरात मशिदीमागच्या गल्लीत त्याचं गाड्यांच्या सीटा आणि टप शिवायचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मुलं मोठी झाली, घरचे पाश जरा सैल झाले, तेव्हा आम्हाला दोघांना एकच नाद लागला. त्याची जुनी व्हॅन काढायची, मागे तांदूळ, डाळ, कांदे, स्टोव्ह टाकायचा आणि जंगलाच्या कडेकडेने चार-सहा दिवस भटकायचं. तंबू त्याने स्वतः शिवला होता, ट्रकच्या ताडपत्रीचा. दोरीच्या भोकांना त्याने चामड्याचे गोल तुकडे लावले होते. वादळात दुसऱ्यांचे तंबू उडाले, आमचा कधी उडाला नाही.

अभयारण्यात कुठेही तंबू ठोकू देत नाहीत, म्हणून आम्ही गावांच्या शिवेवर, तिथल्या लोकांना विचारून मुक्काम करायचो. घोडाझरीच्या तलावाकाठी राहिलो, चपराळ्याच्या बाजूला राहिलो, सिरोंच्याकडे प्राणहितेच्या वाळूत राहिलो. मुलचेऱ्याजवळच्या बंगाली गावात व्हॅन थांबली की मित्र मासळी घ्यायचा आणि तिथल्या बायांशी भावावरून अशी काही हुज्जत घालायचा की शेवटी त्या हसून एक मासा वर टाकायच्या. वाटेतला स्वयंपाक त्याचा. भांडी माझी. पक्षी ओळखून वहीत लिहिणं माझं, आणि त्या वहीवर हसणं त्याचं. वाघ आम्हाला एवढ्या वर्षांत दोनदाच दिसला, दोन्ही वेळा मी झोपलो होतो. याचा उल्लेख त्याने आयुष्यात एकदाही टाळला नाही.

भामरागडच्या अलीकडे, हेमलकसा मागे टाकल्यावर, डांबरी सोडून आत एक माडिया गाव आहे. नाव देत नाही. तिथे आम्ही पाच हिवाळे गेलो. पहिल्या वर्षी व्हॅनच्या स्प्रिंगचा पाटा तुटला म्हणून अडकलो आणि एका घराने आम्हाला ठेवून घेतलं. त्या घरातला माणूस आमच्याच वयाचा, आश्रमशाळेत शिकलेला, मराठी बोलणारा. त्याची आई मात्र माडियाच बोलायची. मला ती ‘गुरुजी’ म्हणायची, तेवढा एक शब्द तिला येत होता. मित्राला ती हाताने शिवणकाम करून दाखवायची आणि हसायची. त्याने तिच्या घराची फाटकी खाट विणून दिली होती, मोडकी छत्री शिवून दिली होती. तो तिचे माडिया शब्द चुकीचे बोलायचा आणि ती ते मुद्दाम पुन्हा बोलायला लावायची. पाच वर्षांत मी त्या गावाबद्दल वहीत कितीतरी पानं लिहिली. त्याने काही लिहिलं नाही, पण तिथली कुत्री त्याच्या मागे फिरायची.

सहाव्या वर्षी आम्ही हिवाळा सोडून गुढीपाडव्याच्या सुट्टीला जोडून गेलो. मला मोहाचा हंगाम बघायचा होता. मित्राने त्या घरच्या म्हातारीसाठी मोठी ताडपत्री शिवायला घेतली होती, मोहफुलं मातीत वाळवायला नकोत म्हणून. ती अजून पुरी झाली नव्हती, म्हणून या खेपेला तो फक्त तिच्या अंगणाचं माप घेणार होता.

जाताना रस्त्यात मीच त्याला नियम सांगितला. माडिया लोक नवं फळ असंच तोंडात टाकत नाहीत. आंब्याला ते मरका म्हणतात. मरका पंडुम, म्हणजे आंब्याचा सण होईपर्यंत गावात कोणी कैरीला दात लावत नाही. आधी देवाला, पूर्वजांना, मग सगळ्यांनी मिळून. कोणी आधी खाल्लं तर त्याचं वाईट साऱ्या गावावर येतं अशी समजूत. पाहुणाही गावात असेपर्यंत गावचाच, त्यालाही तेच.

मित्र म्हणाला, “आमच्या रोज्यासारखं हाय मंग. सगळे थांबले की थांबाले सोपं जाते.”

गावात पोचलो तर आमच्या यजमानाने सांगितलं, चार दिवसांनी पंडुम आहे, थांबा. गावच्या गायत्याला, म्हणजे गावाच्या कारभाऱ्याला त्याने आमच्यासाठी शब्द दिला होता. बाहेरच्या माणसाला पंडुमला बसवणं ही साधी गोष्ट नव्हती. आम्ही नदीकडच्या आंब्याखाली तंबू ठोकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नदीतून पायी फिरून आलो. ऊन डोक्यात गेलं होतं, मळमळत होतं. तंबूशी एक कैरी पडलेली होती. मित्र व्हॅनच्या सावलीत बसून सुतळीला मेण लावत होता. मी चाकू काढला तसं त्याने वर पाहिलं.

“काऊन बे मास्तर? काल तर मलेच शिकवून राह्यला होता.”

“तोडली नाई. पडलेली हाय.”

“पडलेली चालते असं त्यायनं सांगितलं का तुले?”

“मळमळून राह्यलं बे. तोंडाले चव नाई.”

“लिंबू हाय ना डब्यात. देऊ का?”

मी तोवर चिरली होती. एक फोड त्याच्यापुढे केली. वाटेकरी झाला असता तर मला बरं वाटलं असतं, हे आज कळतं.

“नाई,” तो म्हणाला. “मले पंडुमले खायाची हाय.”

तासाभराने म्हातारी आली. उन्हातून आलेल्यांसाठी ती भोपळ्याच्या तुंब्यात आंबील घेऊन यायची, तशीच आली होती. तुंबा ठेवायला वाकली आणि चुलीच्या दगडांमागे तिला साली दिसल्या. तिने एक उचलली, नाकाशी नेली. माझ्याकडे पाहिलं, मग व्हॅनकडे पाहिलं. ती वळली. जाताना भरलेला तुंबा परत घेऊन गेली.

थोड्या वेळाने यजमान आला. सोबत गायता आणि दोन वडीलधारी माणसं. यजमानाच्या तळहातावर ती साल होती.

“गुरुजी,” तो म्हणाला, “हा मरका कोण खाल्ला?”

त्याने मलाच विचारलं, कारण मी गुरुजी होतो. मित्र सुतळी खाली ठेवून उभा राहिला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो थांबला. हे मला नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढे मी स्वतःला अनेकदा पटवलं की सगळं घाईत झालं. घाईत झालं नाही. बोलायला भरपूर वेळ होता. झाडावर हरियाल बसले होते आणि त्यांचा आवाज मला ऐकू येत होता, एवढा वेळ.

मी म्हणालो, “त्याला माहीत नव्हतं, भाऊ. शहरातला माणूस आहे. माफ करा त्याला.”

ते खोटं मी विनवणीच्या आवाजात बोललो. ऐकणाऱ्याला वाटावं, काय चांगला मित्र आहे, दुसऱ्यासाठी हात जोडतो. आणि ते लगेच खरं धरलं जाईल हे मला आतून कळत होतं. मी त्यांच्या चालीरीती लिहून घेणारा गुरुजी. तो परक्या धर्माचा, गाड्यांच्या सीटा शिवणारा. खरं-खोटं कोणी तपासणार नव्हतं. त्याच्या धर्माचा मी एक शब्दही काढला नाही, पण त्याचा फायदा घेतला.

यजमानाने ते माडियात सांगितलं. गायता थोडंसंच बोलला. यजमान मित्राकडे वळला. त्याचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर सोसलं असतं.

“तुमच्यासाठी मी शब्द दिला होता, भाऊ. आता तुम्ही जा. या गावात नाई यायचं.” मग माझ्याकडे पाहून, “गुरुजी, तुम्ही थांबले तरी चालते.”

मी थांबलो नाही, याचं श्रेय मी बरीच वर्षं स्वतःला दिलं. व्हॅन मित्राची होती, त्याच्याशिवाय परत येणार कसा होतो?

त्याने तंबू सोडला. नेहमी घडी दोघांनी घालायची असते, समोरासमोर उभं राहून. त्या दिवशी त्याने ती एकट्याने घातली, जमिनीवर गुडघे टेकून. म्हातारी आपल्या दारात उभी होती. त्याने तिच्याकडे पाहून जोहार केला. ती आत गेली.

आलापल्ली आली. चहाला थांबलो तेव्हा मी म्हणालो, “इथून मुलचेऱ्यावरून जायचं का आष्टीवरून?”

“मले काय माहीत,” तो म्हणाला.

पुढे मी विचारलं, डिझेल पुरेल का? “मले काय माहीत, मी शहरातला माणूस.” मूल गावाजवळ रस्त्यात नीलगाय आडवी आली. मी सवयीने म्हटलं, नर आहे की मादी? “गुरुजीले विचार. मले काई माहीत रायत नाई.” एवढं सोडून काही नाही. घरी सोडताना त्याने माझी बॅग काढून दिली, पक्ष्यांची वही शोधून वर ठेवली आणि गाडी वळवली.

आम्ही निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी त्या भागात गारपीट झाली. गावातला आंबा झडून गेला, असं नंतर कळलं. यजमानाला कोंबडा द्यावा लागला, पूजा पुन्हा घालावी लागली, आणि कितीतरी दिवस लोक त्याच्या दारावरून न थांबता जात होते. गारा कशा तयार होतात हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. त्या वर्षी फळ्यावर ढगाचं चित्र काढता काढता मी ते पुसलं आणि पुढचा धडा घेतला.

हिवाळा आला. मी निरोप पाठवला, कधी निघायचं? त्याने कळवलं, दुकानात काम आहे. पुढच्या हिवाळ्यातही तेच. इथून माझ्या रागाला सुरुवात झाली. एका चुकीवरून इतकं? मी चूक केली, मान्य, पण त्याने तरी तिथेच तोंड का उघडलं नाही? बोलला असता तर मी कबूल झालो असतो. असं सगळं मी मनात मांडत असे, आणि शेवटी दर वेळी मीच फसवला गेलेला निघत असे. शाळेतल्या तिघांबरोबर मोठी गाडी करून एकदा गेलो. त्यांना तंबू लावता येत नव्हता, विकतचा होता, दोऱ्या पहिल्याच वाऱ्यात निसटल्या. परत येताना त्यांना मी मित्राबद्दल सांगितलं. एक जण म्हणाला, लोक असेच असतात. मी मान डोलावली.

याहून वाईट मी आधीच केलं होतं. गारपिटीनंतरच्या वर्षी मी त्या गावात एकटाच गेलो होतो, बसने, मरका पंडुमला. यजमानाने मला चटईवर बसवलं. देवापुढची पहिली कैरी चिरली तेव्हा एक फोड माझ्या हातावर आली आणि मी ती खाल्ली. म्हातारीने मला आंबील दिली. परत येऊन मी त्या सणावर स्थानिक पेपरात लेख लिहिला. संयम म्हणजे काय हे आपण या लोकांकडून शिकावं, असं त्यात लिहिलं होतं. अभिनंदनाचे बरेच फोन आले.

गेल्या मार्चमध्ये माझ्या स्कूटरची सीट फाटली. शहरात दुसरी दुकानं आहेत. मी त्याच्याच दुकानात गेलो, का ते मला सांगता येत नाही. कदाचित त्याने काही बोलावं म्हणून. तो मशीनवर होता. सीट पाहून म्हणाला, “उद्या ने.” मी बसून राहिलो. कोपऱ्यात, रेक्झिनच्या गुंडाळ्यांवर, एक मोठी घडी होती. हिरवी ताडपत्री, दुहेरी शिवणीची, भोकांना चामड्याचे गोल तुकडे. वर मार्करने त्या गावाचं नाव लिहिलेलं.

“ही दिली नाईस?” मी विचारलं.

“पाठोली होती. भामरागडच्या बसवाल्याच्या हातानं.” त्याने धागा तोडला. “वापस आली. घेतली नाई त्यायनं. पुन्हा पाठोली, पुन्हा वापस आली.”

मशीन पुन्हा सुरू झालं. मी म्हणालो, “तू तेव्हा बोलला काऊन नाईस?”

त्याने पाय उचलला. मशीन थांबलं.

“तू बोलशील म्हणून थांबलो होतो. अन् तू बोललासच.” मग सुईत धागा ओवत, “लेख वाचला तुझा. चांगला लिहितो तू.”

त्यात टोमणा नव्हता. त्यामुळेच मला तिथे बसवेना. इतकी वर्षं दगा झाल्याचं दुःख मी मिरवत होतो आणि ज्याला दगा झाला तो इथे बसून लोकांच्या सीटा शिवत होता, म्हातारीची ताडपत्री उंदरांपासून जपत होता. त्याचं माझ्याकडे काही मागणं नव्हतं. त्याला ते अंगण परत हवं होतं, आणि ते परत देणं फक्त माझ्या हातात होतं.

मी म्हणालो, “माझं चुकलं. कैरी मी...”

“मले सांगून काय फायदा,” तो म्हणाला. “मले तर माहीतच हाय. जिथी बोलला तिथी बोल.”

पंडुमच्या दिवशी सकाळी पोचायचं ठरलं. त्याने व्हॅन काढली, ताडपत्री मागे टाकली. वाटेत आम्ही मासळीला थांबलो नाही. गावाच्या शिवेवर चिंचेचं झाड आहे. तिथे त्याने गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसला.

“मी इथीच.”

आंब्याखाली माणसं जमली होती. टोपलीत नव्या कैऱ्या, पानांवर तांदूळ. यजमान मला पाहून हसला, चटई सरकवली. मी बसलो नाही. म्हटलं, कैरी चिरायच्या आधी मला गायत्याला काही सांगायचं आहे, तू माडियात सांग. आणि सांगू लागलो. कैरी मी खाल्ली. माझ्या मित्राने मला अडवलं होतं. त्याने फोडीला हातही लावला नाही.

यजमान माझं वाक्य झालं की माडियात सांगत होता. मध्येच तो थांबला. पुढचं त्याने सांगितलंच नाही, माझ्याकडे पाहत राहिला.

“मंग तुम्ही इथी पंडुमले बसले होते,” तो म्हणाला. “पहिला मरका खाल्ला आमच्या हातचा. तवा कसा खाल्ला, गुरुजी?”

मी चटईपासून एक पाऊल मागे सरलो.

“त्याले मी हाकललं,” तो म्हणाला. “माझ्या तोंडानं. माझ्या आईनं त्याची ताडपत्री दोनदा वापस केली.”

म्हातारी मागे बसली होती. मुलाने तिला काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण तिने माझ्यावरून नजर काढली आणि नंतर पूर्ण वेळ माझ्याकडे पाहिलं नाही. गायता बराच वेळ बोलला. मग यजमान म्हणाला, “गायता म्हणते, आमच्यासमोर बोलून काय होते. ज्याचं नाव लावलं, त्याच्यासमोर बोला. तोवर मरका चिरणार नाई.”

आणि तो स्वतःच शिवेकडे चालत गेला. सगळे बसून राहिले. कैऱ्या टोपलीत होत्या, कोणी हात लावला नाही.

ते दोघं परत आले ते दहा पावलांचं अंतर ठेवून. मित्राने चपला झाडापाशी काढल्या आणि माणसांच्या कडेला उभा राहिला, आत आला नाही. ताडपत्री त्याने आणली नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि थांबला, त्या दिवशी थांबला होता तसाच.

मी हात जोडले. या वेळी आवाज मी शोभेसाठी वापरला नाही.

“ह्याले माहीत होतं,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. “मलेही माहीत होतं. ह्यानं नाई म्हटलं, मी खाल्ला. तुम्ही विचारलं तवा मी ह्याचं नाव पुढं केलं, अन् माफी मागायचं सोंग केलं. ती माफी ह्याची नव्हती, माझी होती. ती आज मागतो. भाऊ, मी खोटं बोललो. मले माफ कर.”